दारू, गोळी, एमडी आणि आपलं मत : उमेदवाराला हा प्रश्न कुणीच का विचारत नाही?

कृष्णाकाठची | मंगळवार, रात्री ९.४०

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीत तीन पक्षांची माणसं येऊन गेली. गटार, नळ, घरकुल, लाडकी बहीण, सगळं झालं. निघताना एकजण म्हणाला, "ताई, अजून काही?" मी म्हटलं, "सिव्हिलला दारू सोडवायच्या खाटा किती आहेत, तेवढं सांगा." तो हसला. त्याच्या मागचा झेंडेवाला पोरगाही हसला. त्यांना वाटलं, मी टोमणा मारला.

टोमणा नव्हता. माझा धाकटा भाऊ बेचाळिसाव्या वर्षी गेला, त्याला सहा वर्षं झाली. दाखल्यावर यकृताचा आजार आहे. भावकीत आम्ही 'कावीळ' सांगितली. अजून तीच सांगतो. त्याला दाखल करायला आम्ही एका सरकारी दवाखान्यात तीनदा गेलो, तीनदा सलाइन लावून घरी पाठवलं. नंतर एका खासगी 'केंद्रा'त ठेवला. तिथून आणला तेव्हा पायावर वळ होते. त्याबद्दल आम्ही कुठे तक्रार केली नाही, कारण तक्रार करायची म्हणजे तो तिथे का होता हे सांगायला लागलं असतं.

आता आकडे. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्सकडून देशभर पाहणी करून घेतली, दोन लाख घरं फिरून. अहवाल २०१९ साली आला. दारू पिणारे सुमारे १६ कोटी. त्यात ज्यांना मदतीची गरज आहे असे ५.७ कोटी. अफू, हेरॉइन आणि त्या जातीच्या गोळ्यांपायी मदतीची गरज असलेले ७७ लाख. दारूवाचून चालतच नाही अशा ३८ माणसांत एकाला कसला तरी उपचार मिळाला, आणि दवाखान्यात दाखल होऊन मिळाला तो १८० त एकाला. हे सरकारनेच छापलंय, विरोधकांचा आरोप नाही.

आणि २०२४ ची लोकसभा आठवा. मेच्या मध्यापर्यंत निवडणूक आयोगाने रोकड, दारू, सोनं, साड्या असं मिळून ८,८८९ कोटींचं पकडलं. त्यातले जवळपास ४५ टक्के नुसते अमली पदार्थ होते. म्हणजे निवडणुकीत नशा होतीच, फक्त भाषणात नव्हती.

माझं म्हणणं एवढंच. छापा हा राजकारणाचा विषय आहे. बंदी पण आहे. खाट नाही. का?

---

पारावरचा पक्या | मंगळवार, रात्री ९.५८

पहिला! (पूर्वी इथे पहिल्या प्रतिसादाला मान होता.)

ताई, सोपं आहे. सरकारला ह्यातून पैसा येतो. आपल्या राज्यात ज्या कायद्याखाली दारू विकतात त्याचं नाव काय माहितीये? महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९. मोरारजींच्या काळातला. कागदोपत्री आजही प्यायला परवाना लागतो, एका दिवसाचा, देशीला दोन रुपये, विदेशीला पाच. आमच्या परमिट रूमचा मालक ती पुस्तकं गठ्ठ्याने आणतो आणि कुणाच्याही नावाने फाडतो. माझ्या आजोबांच्या नावाने फाडलेला मी स्वतः बघितलाय. आजोबा माळकरी होते.

जीएसटी आल्यावर राज्याच्या हातात स्वतःच्या मर्जीने पिळता येईल अशी करांची मोजकीच मोठी दुभती जनावरं उरली, त्यातली दोन पेट्रोल-डिझेल आणि दारू. जून २०२५ मध्ये शुल्क वाढवलं तेव्हा वर्षाला १४ हजार कोटी जास्तीचे येतील, असा अंदाज सांगितला. जास्तीचे हां, एकूण नाही. वर आमच्या भागात कारखान्याची मळी, मळीचा अर्क, अर्काची डिस्टिलरी. कारखान्याचा चेअरमन कोण असतो ते मी लिहीत नाही, नाहीतर संपादक प्रतिसाद उडवतील.

---

शनिवारचा सोम्या | मंगळवार, रात्री १०.२०

आला परत दारूबंदीचा धागा. मी शनिवारी दोन पेग घेतो, सोमवारी कामावर असतो, कर भरतो. काहींना पचत नाही म्हणून सगळ्यांनी ताक प्यायचं का? बिहारने २०१६ पासून बंदी करून काय मिळवलं ते रोज पेपरात येतं. जाताना सांगतो, गोव्यात आम्हाला कुणी नावं ठेवत नाही.

---

कृष्णाकाठची | मंगळवार, रात्री १०.३१

सोम्या, बंदी हा शब्द तुम्ही काढलात. मी खाट म्हणाले. तुम्हाला आणि त्या झेंडेवाल्याला ऐकू वेगळंच कसं आलं, तोच खरा धाग्याचा विषय आहे.

---

झाडीपट्टीचा मास्तर | मंगळवार, रात्री ११.१५

मी चंद्रपूरचा, नोकरी गडचिरोलीत. दोन्हीकडचं बघितलंय.

आमच्याकडे हा मुद्दा निवडणुकीत आला होता, बायांनी आणला. २०१० ला चिमूरवरून नागपूरपर्यंत हजारो बाया पायी गेल्या विधानसभेवर. श्रमिक एल्गार संघटनेचा तो मोर्चा. १ एप्रिल २०१५ ला बंदी लागली. माझ्या शाळेतली एक मदतनीस बाई मला म्हणाली होती, "मास्तर, ह्या महिन्यात पगार घरी आला." मी हे विसरू शकत नाही.

मग तेलंगणातून, यवतमाळवरून माल यायला लागला. दुप्पट-तिप्पट भाव. पंधरा-सोळाची पोरं गाडीवर पेट्या मारायला लागली. बंदीचा आढावा घ्यायला रमानाथ झा समिती बसली, आणि मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने बंदी उठवली. कारण काय दिलं, तर अवैध विक्री वाढली, गुन्हे वाढले, महसूल बुडाला. सहा वर्षांत एकाही बाजूने विचारलं नाही की ज्यांनी सोडली ते कशाच्या आधाराने सोडतील? बंदी लागली त्या रात्री ज्याचे हात कापायला लागले त्याला कुठं नेणार? बंदीवाले म्हणत होते बंद करा, उघडणारे म्हणत होते उघडा. पिणारा कोणाच्याच हिशोबात नव्हता.

गडचिरोलीत बंदी १९९३ ची, अजून आहे. तिथं फरक एवढाच की डॉ. बंग यांच्या 'सर्च' संस्थेने २०१६ पासून 'मुक्तिपथ' सुरू केलं. त्यात गावाच्या बाया भट्ट्या पण फोडतात आणि तालुक्याला व्यसन उपचाराची ओपीडी पण बसते. दारू संपली नाही. मोहाची मिळतेच. पण जायला जागा आहे.

---

डॉ. निद्रानाश | बुधवार, सकाळी ७.०५

रात्रपाळीहून आलोय, थोडक्यात लिहिणार होतो. जमेल असं वाटत नाही.

'का' याचं एक उत्तर सरकारी रचनेत आहे. व्यसनमुक्ती केंद्रांना अनुदान देतं सामाजिक न्याय खातं. रुग्णालयातला उपचार आरोग्य खात्याचा. पकडणारा एनसीबी (अमली पदार्थ नियंत्रण ब्युरो) गृह खात्याचा. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, १९८५ सांभाळतो अर्थ खात्याचा महसूल विभाग, आणि औषधासाठी अफू पिकवायचे परवानेही तेच खातं देतं. दारू तर राज्याच्या यादीत. एकच आजार आणि पाच दारं. मलेरियाचं असं केलं असतं तर डास मोजायला एक खातं आणि थर्मामीटर लावायला दुसरं. १५ ऑगस्ट २०२० ला २७२ जिल्ह्यांत नशामुक्त भारत अभियान सुरू झालं. शपथा, फेऱ्या, फलक भरपूर. माझ्या वॉर्डात फलकही आहे. खाटा तेवढ्याच.

दुसरं, विमा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात दारू-ड्रग्जच्या सेवनाशी निगडित अवस्था मानसिक आजारात धरल्या आहेत, आणि त्याच कायद्याचं कलम २१(४) म्हणतं की मानसिक आजाराला विमा शारीरिक आजारासारखाच मिळाला पाहिजे. आता घरातली पॉलिसी काढा आणि 'काय मिळणार नाही' ते पान बघा. विमा नियामकाने २०१९ साली वगळायच्या अटींचे शब्द सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखे ठरवून दिले. त्यातली बारावी अट : मद्य, अमली पदार्थ किंवा कुठल्याही व्यसनाचा उपचार आणि त्याचे परिणाम. कायदा देतो, अट काढून घेते. यावर लोकसभेत गदारोळ झालेला माझ्या तरी कानावर नाही.

तिसरं, तुरुंग. एनडीपीएसमध्ये नुसतं सेवन केलं तरी पदार्थ बघून सहा महिन्यांपर्यंत किंवा एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. त्याच कायद्यात कलम ६४(अ) आहे, उपचाराला स्वतःहून तयार असलेल्या व्यसनीला खटल्यातून सूट देणारं. माझ्याकडे पोलिसांनी आणलेले रुग्ण पुष्कळ येतात. हे कलम त्यांना कुणी सांगितलं होतं असा आजवर एक भेटला.

सोम्या, तुमच्या दोन पेगशी माझं भांडण नाही. पण 'पचत नाही' हे चूक. कावीळ झालेल्याला आपण 'पचलं नाही' म्हणून घरी बसवत नाही.

---

मोसमकाठ | बुधवार, दुपारी १२.४४

सगळे दारूवरच आहेत. आमच्या मालेगावात या. कुत्ता गोळी ऐकलंय का? अल्प्राझोलाम, झोपेची-चिंतेची गोळी. चिठ्ठीवर मिळायची ती पानपट्टीच्या मागे पट्टीने मिळते. बाटलीच्या मानाने स्वस्त, वास नाही, आईला कळत नाही. लूमवर बारा तासांची पाळी, कानात खडखड, पोरगा एक टाकतो. मग दोन. लहान पोरं तर व्हाइटनर आणि पंक्चरचं सोल्युशन रुमालात ओतून. ताईंनी सांगितलेल्या अहवालात हे एकच व्यसन आहे जे मोठ्यांपेक्षा पोरांत जास्त निघालं.

बातमी कशाची होते? फेब्रुवारी २०२४, कुरकुंभ एमआयडीसीत मेफेड्रोनचा (म्हणजे एमडीचा) कारखाना, पुण्यापासून दिल्लीपर्यंत साडेतीन हजार कोटींचा माल. टीव्हीवर तीन दिवस कोटी, कोटी, कोटी. त्याआधी नाशिकजवळचा कारखाना आणि पुण्यातल्या ससून रुग्णालयातून पळालेला आरोपी. तेव्हा दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या मंत्र्यांची नावं घेतली आणि विषय संपला. एखाद्या वाहिनीने विचारलं का की हा एवढा माल ओढणारे कोण आणि आता त्यांचं काय? मुंबईत एखाद्या नटाच्या घरी चिमूटभर सापडलं की महिनाभर कॅमेरे. आमच्या गल्लीत सोल्युशन हुंगून पोरगा छतावरून पडला, आतल्या पानात चार ओळी.

---

लुधियानवी पाटील | बुधवार, दुपारी ३.१०

सतरा वर्षं पंजाबात आहे, होजिअरीच्या धंद्यात. मूळचा तासगावचा.

'मुद्दा झाला की सुटेल' असं ज्यांना वाटतं त्यांनी इकडे यावं. इथे तर तीन निवडणुका ह्याच विषयावर लढल्यात. डिसेंबर २०१५ मध्ये बठिंड्याच्या सभेत कॅप्टन अमरिंदर सिंगांनी हातात गुटका साहिब (शिखांची प्रार्थनेची छोटी पोथी) घेऊन शपथ घेतली होती, चार आठवड्यांत नशेचं कंबरडं मोडतो म्हणून. २०१७ ला ते निवडून आले. चार आठवड्यांचं काय झालं ते पुढच्या निवडणुकीत विरोधकांनी विचारलं, विरोधक निवडून आले. मार्च २०२५ पासून त्यांचं 'युद्ध नशेआं विरुद्ध' चालू आहे, विक्रेत्यांच्या घरांवर बुलडोझर.

पण एक गोष्ट ह्या गोंगाटात झाली आणि तिचं श्रेय राजकारणाला द्यायला पाहिजे. ऑक्टोबर २०१७ पासून सरकारने ओओएटी दवाखाने काढले. बुप्रेनॉर्फिन-नॅलोक्सोनची गोळी, ओपीडीतच, दाखल न होता. माझा एक कटिंग मास्टर चिट्ट्यावर होता (हेरॉइनला इथे चिट्टा म्हणतात). सकाळी गोळी जिभेखाली धरून कामावर येतो, पाच वर्षं झाली, पोरगी कॉलेजात आहे. भाषणात ह्या दवाखान्यांचं नाव कुणी घेत नाही. गोळी देणं म्हणजे 'एक नशा सोडवून दुसरी लावली' असं लोक म्हणतात, मग पुढारी कशाला बोलतील? बुलडोझरचा फोटो निघतो. जिभेखालच्या गोळीचा काय काढणार?

---

ओहायोकर | बुधवार, संध्याकाळी ६.५२

पाटलांना जोडून. इथे अमेरिकेत हा विषय २०१६ च्या निवडणुकीत एकदम वर आला. न्यू हॅम्पशायरच्या सभांमध्ये लोक उठून उमेदवारांना आपापल्या पोरांच्या मरणाबद्दल विचारायचे. वेदनाशामक गोळ्यांपासून सुरुवात, मग हेरॉइन, मग फेंटानिल. २०२२ साली देशभरात लाखाच्या वर माणसं अतिसेवनाने गेली. आता आमच्या वाचनालयाच्या भिंतीवर अग्निशामक नळकांड्याच्या शेजारी, अतिसेवनाने श्वास थांबत असलेल्याला वाचवायला, नॅलोक्सोनचा नाकात मारायचा फवारा असतो. २०२४ मध्ये मृत्यू बरेच खाली आले, ८० हजारांच्या आसपास.

पण माझ्या कृष्णवर्णीय शेजाऱ्याचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. १९८६ साली क्रॅक कोकेनचा कायदा झाला तेव्हा ५ ग्रॅम क्रॅकला तीच शिक्षा होती जी ५०० ग्रॅम पावडरला. क्रॅक त्यांच्या वस्तीत, पावडर गोऱ्यांच्या पार्टीत. ते प्रमाण २०१० मध्ये शंभराचं अठरावर आणलं, संपवलं नाही. तो म्हणतो, "आमची पोरं मरत होती तेव्हा तो गुन्हा होता, तुमची मरायला लागली तेव्हा आजार झाला." आपल्याकडे ही 'तुमची-आमची' रेघ कुठून जाते, त्याचा अंदाज मोसमकाठ यांच्या प्रतिसादावरून येतोच.

---

संपादक | बुधवार, रात्री ८.००

साखर कारखाने आणि विशिष्ट नेत्यांच्या नावांवरचे चार प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. धागा विषयाबाहेर नेऊन त्याचा काश्मीर करू नये ही विनंती.

---

पारावरचा पक्या | बुधवार, रात्री ८.०३

म्हटलं नव्हतं?

---

फक्त आजचा दिवस | बुधवार, रात्री ११.३८

वाचनमात्र असतो. आज लिहितो. अकरा वर्षं झाली मला शेवटचा घोट घेऊन. (उद्याचं माहीत नाही, आमच्यात उद्याचं बोलत नाहीत.)

तुम्ही सगळे सरकारचं सांगताय, ते खरं आहे. मी आमचं सांगतो. ऊसवाल्याची संघटना आहे, रिक्षावाल्याची आहे. दारुड्याची नसते. पीत असतो तेव्हा सकाळच्या क्वार्टरचे पैसे कुठून आणायचे, ह्यापलीकडे त्याला जग नसतं. आणि सुटली की त्याला सगळं विसरायचं असतं. मी पोरीच्या लग्नात व्याह्यांना 'पित्ताचा त्रास आहे' म्हणून सांगितलं, ग्लास नाकारताना.

आम्हाला एकत्र बसवणारी एकच जागा म्हणजे एएची (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची) मीटिंग. १९३५ ला अमेरिकेत सुरू झाली, १९५७ पासून आपल्या देशात आहे. तिचा जीव वाचवणारा नियमच असा की नाव सांगायचं नाही आणि बाहेरच्या कुठल्याही प्रश्नावर संघटना म्हणून मत द्यायचं नाही. मत न देण्याच्या नियमाला दहावी परंपरा म्हणतात. हे नियम मोडावेत असं मी म्हणणार नाही, त्यांच्यामुळेच मी पहिल्या दिवशी आत पाऊल टाकू शकलो. पण परिणाम बघा. देशात व्यसनातून उठलेल्या माणसांची जी सगळ्यात पसरलेली संघटना आहे, ती नियमानेच गप्प आहे. मग बोलणार कोण? बायका. चिमूरच्या बायका, दारूबंदीच्या मतदानात आडव्या बाटलीला, म्हणजे बंदीला, मत देणाऱ्या बायका. आणि त्या 'बंद करा' म्हणतात कारण त्यांच्या हातात कायद्याने तेवढंच दिलंय, उभी बाटली की आडवी. 'उपचार द्या' असं चिन्ह त्या मतपत्रिकेवर नाही.

पुण्याला मुक्तांगणमध्ये ३५ दिवस होतो. १९८६ पासून चालू आहे, अवचट पती-पत्नींनी काढलेलं, पु.लं. च्या प्रतिष्ठानच्या देणगीतून. देणगीतून, हे लक्षात घ्या. तिथे पहिल्या आठवड्यात कुणीतरी माझी नखं कापून दिली होती. माझे हात थांबत नव्हते.

---

शनिवारचा सोम्या | गुरुवार, सकाळी ९.१२

'पचत नाही' मागे घेतो.

ताई, खाटांचा आकडा माहितीच्या अधिकारात मागता येईल. अर्जाला दहा रुपये. मसुदा मी करून देतो, पण अर्ज तुमच्या जिल्ह्याचा तुम्ही टाका, माझ्या जिल्ह्याचा मी टाकतो.

---

कृष्णाकाठची | गुरुवार, सकाळी १०.०५

द्या. नाव घालून टाकते. भावाचंही घालते, काविळीशिवाय.

---

सहज_वाचक२ | शुक्रवार, रात्री १.२७

इथे विचारलं तर चालेल का माहीत नाही. धागा शोधताना सापडला. माझ्या मिस्टरांनी सोमवारी स्वतःहून बंद केली. रोज रात्री एक खंबा (मोठी बाटली) दोघा मित्रांत असायचा. काल हात थरथरत होते. आता घाम येतोय आणि भिंतीवर मुंग्या आहेत म्हणतात. मुंग्या नाहीयेत. सासूबाई म्हणतात बाहेरचं आहे, सकाळी बघू.

---

डॉ. निद्रानाश | शुक्रवार, रात्री १.३१

सकाळ नको. आत्ता. १०८ लावा किंवा गाडी असेल तर निघा. हे दारू एकदम तोडल्याने होतं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी असं होऊ शकतं, जीव जाऊ शकतो आणि वेळेत नेलं तर वाचतो. व्यसनमुक्ती केंद्रात नेऊ नका, रुग्णालयात न्या. खाट नाही म्हणाले तर मेडिसिनच्या वॉर्डला घ्या म्हणा, हटू नका. किती वर्षं, किती, शेवटची कधी, हे तिन्ही सांगा. ग्लुकोजच्या सलाइनआधी थायमिन (जीवनसत्त्व बी-१) देणार का, असं माझं नाव न घेता विचारा.

---

फक्त आजचा दिवस | शुक्रवार, रात्री १.३४

कुठल्या गावात आहात? नाव नको, तालुका सांगा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल.

---

सहज_वाचक२ | शुक्रवार, पहाटे ४.५०

घेतलं दाखल. आधी नाही म्हणाले. मेडिसिनचं म्हटल्यावर घेतलं. बांधून ठेवलंय पण झोप लागलीय. सासूबाईंनी केसपेपरवर ताप लिहायला सांगितलं.

---

डॉ. निद्रानाश | शुक्रवार, पहाटे ४.५२

ताप नको. त्याच्यावरून औषध ठरतं. आत्ता जाऊन बदलून घ्या.

---

सहज_वाचक२ | शुक्रवार, पहाटे ४.५५

सांगते.